महाडचा धडा आणि आजचे किशोरवय

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख आमच्या शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही न अडखळता सांगतो : २० मार्च १९२७. त्याआधीच्या दोन तारखा मात्र फारशा कोणाच्या स्मरणात नसतात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले होते. परंतु पुढील तीन वर्षांहून अधिक काळ आपल्या माणसांना त्यातील ओंजळभर पाणीही घेता आले नाही.

नववीच्या वर्गात हा भाग शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. ठराव झाला होता, तर मग तीन वर्षे कोणी पाणी का प्यायले नाही? या प्रश्नाचे उत्तर मुलांकडूनच काढून घेणे म्हणजे त्यांना नागरिकशास्त्र शिकविणे, असे आमचे मत आहे. ठराव वाचता येणारी माणसे थोडी होती. वाचलेल्यांपैकी तो आपल्यासाठी आहे असे मानणारी त्याहून थोडी. आणि मानूनही एकट्याने तळ्याच्या पायऱ्या उतरण्याची किंमत काय पडेल, हे सर्वांना ठाऊक होते. हक्क मिळणे आणि हक्क बजावणे यांच्यामध्ये केवढे अंतर असते, ते या तीन वर्षांत मोजता येते. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते हेच, की आज आपल्या तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींपुढे तेवढेच अंतर उभे आहे, आणि ते ओलांडण्याची रीत महाडने एकदा दाखवून दिली आहे.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तर वर्षांच्या वृद्धांपर्यंतची माणसे भाकरीची गाठोडी घेऊन दूरदूरच्या गावांहून आली होती, अशी नोंद बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. परिषदेला लागणारे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले, हेही कीर यांनीच लिहून ठेवले आहे. तळे हाकेच्या अंतरावर आणि पाणी विकत! पंधरा वर्षांच्या मुलांचा उल्लेख आला, की वर्गात मागच्या बाकावर रेलून बसलेली मुलेही सरळ होऊन बसतात. इतिहास आपल्या वयाच्या मुलांनीही घडविला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पहिल्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी काय सांगितले, याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, मुलांना शिकवा, स्वतःला हीन समजू नका. दुसऱ्या दिवशी हीच माणसे रांगेने निघून तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. ताटात काय घ्यावे आणि तळ्यावर कोणाचा हक्क, हे दोन्ही विषय एकाच मांडवात, एका पाठोपाठ एक मांडले गेले. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेच्या वेळी स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी स्वच्छ राहणी, मुलींचे शिक्षण यांविषयी सांगितले, आणि दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला व मुलाला जेवू घालू नका, असेही बजावले. आज आपण ज्याला आरोग्य, व्यसनमुक्ती, स्त्रीशिक्षण, नागरी हक्क अशी चार नावे देतो, चार वेगवेगळ्या दिवशी चार वेगवेगळे पाहुणे बोलावून ज्यावर व्याख्याने ठेवतो, ते बाबासाहेबांच्या लेखी एकच काम होते.

महाडमध्ये २० मार्चला पुढे जे घडले, ते शिकविताना आम्ही अधिक वेळ घेतो. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा गावात पसरविण्यात आली. जमाव लाठ्या घेऊन मांडवावर चालून आला. जेवत असलेल्या प्रतिनिधींना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले गेले. काहींनी मुसलमान कुटुंबांच्या घरांत आसरा घेतला. प्रत्युत्तर देण्यासाठी तरुण बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होते, आणि संख्या त्यांच्या बाजूने होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. नंतर खटला झाला आणि हल्लेखोरांपैकी काहींना कारावासाची शिक्षा मिळाली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तेव्हा डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबरला झाले. तळ्याबाबत मात्र न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम हाती पडलेला होता. हजारो माणसे जमलेली असताना पाणी न पिण्याचा निर्णय घेतला गेला आणि लढा न्यायालयात नेण्यात आला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. दहा वर्षे लागली.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःची जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडविणे, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, ताणाला तोंड देणे आणि भावनांना सांभाळणे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही यादी पडद्यावर दाखवितात आणि आम्ही ती वहीत उतरवून घेतो. परंतु संताप अनावर झालेला असताना हात आवरणे म्हणजे काय, हे मुलांना त्या यादीपेक्षा २० मार्चच्या सायंकाळवरून लवकर कळते. न्यायालयाचा हुकूम पाळून दहा वर्षे वाट पाहणे हा भित्रेपणा होता की निर्णय होता, यावर वर्गात दरवर्षी वाद होतो, आणि तो आम्ही मुद्दाम मिटवीत नाही.

तथागतांच्या उपदेशात तरुण गृहस्थासाठी सांगितलेले एक सुत्त आहे, सिगालोवाद. राजगृहाच्या वेळुवनाजवळ सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडीत होता. तथागतांनी त्याला खऱ्या सहा दिशा सांगितल्या : आईवडील, गुरुजन, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण. त्याच सुत्तात संपत्तीच्या नाशाच्या सहा वाटा आहेत आणि त्यांत पहिली मद्याची. मद्याचे जे सहा दुष्परिणाम तेथे मोजले आहेत ते पाहावेत : धन जाते, कलह वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज सुटते, बुद्धी क्षीण होते. पाप, नरक, परलोक यांपैकी एकही शब्द त्यात नाही. जुगाराविषयी सांगताना तर सभेत त्या माणसाच्या शब्दाला किंमत राहत नाही, असे एक कारण दिले आहे. आम्हांला हे कारण फार महत्त्वाचे वाटते. ज्याच्या शब्दाला सभेत किंमत नाही, तो ग्रामसभेत उभा राहून पाण्याविषयी काय विचारणार? मोबाईलवर पैसे लावून खेळणाऱ्या अकरावीच्या मुलाला आम्ही हाच प्रश्न विचारतो.

मित्रांविषयीही ते सुत्त तितकेच रोखठोक आहे. केवळ घेण्यासाठी येणारा, केवळ गोड बोलणारा, तोंडावर स्तुती करणारा आणि नासाडीत सोबत करणारा, हे चार मित्राच्या रूपातले परके. तंबाखूची पहिली चिमूट मुलाच्या हातावर कोण ठेवतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यापैकी चौथा लगेच ओळखू येईल. अनोळखी माणूस क्वचितच असतो. शेजारचा दादा, मामाचा मुलगा, क्रिकेटच्या संघातला सोबती असतो. म्हणूनच ‘व्यसन वाईट’ असा फलक भिंतीवर लावून काही साधत नाही. मुलाला तंबाखू वाईट आहे हे ठाऊक असते. दादाला नाही कसे म्हणावे, हे ठाऊक नसते.

नकार ही कौशल्याची गोष्ट आहे आणि ती सरावाने येते. आम्ही आठवी-नववीच्या मुलांकडून वर्गातच तो सराव करून घेतो. एकाने पुडी पुढे करायची, दुसऱ्याने नाही म्हणायचे. पहिल्यांदा सगळी मुले हसतात. मग असे लक्षात येते, की ‘नको, घसा दुखतोय’ म्हणणारा हमखास हरतो, कारण उद्या घसा दुखत नसतो. कारण दिले की समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. ‘नको’ एवढेच म्हणून विषय बदलणारा किंवा तेथून उठून जाणारा टिकतो. गुटख्याने तोंड उघडेनासे होते, सुपारी एकटीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, ही माहिती आम्ही देतोच. पण ती नकाराच्या सरावानंतर देतो.

आता येथेच हक्काचा विषय सुरू होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत कोणालाच विकता येत नाहीत. या गुन्ह्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंत, म्हणून टपरीवाला निर्धास्त असतो. परंतु २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे बालकाला मादक पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम पालक सभेत वाचून दाखविले, की सभागृह काही क्षण शांत होते. मुलाने निवड चांगली करावी हे खरे. पण शाळेच्या फाटकासमोर पुड्यांच्या माळा टांगलेल्या असताना निवडीचा सगळा भार तेरा वर्षांच्या मुलावर टाकणे, हा शहाणपणा नव्हे. आणि मोठ्यांनीही थोडे स्वतःकडे पाहावे. बावीस प्रतिज्ञांपैकी दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतलेला समाज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढे कोणत्या अवस्थेत नाचतो, ते आमची मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहत असतात.

निवड आणि हक्क यांची गाठ सर्वांत घट्ट कोठे बसते, असे कोणी विचारले तर आम्ही मुलींच्या लग्नाकडे बोट दाखवू. आमच्या वसतिगृहात ऊसतोड कामगारांची मुले मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या घरचा हिशेब आम्हांला ठाऊक आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी झाली की उचल मिळते. दसरा-दिवाळीनंतर आईवडील कारखान्याच्या हद्दीत गेले, की पुढील पाच-सहा महिने वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न घरात रोज निघतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, ही त्या प्रश्नाची पळवाट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. म्हणजे पाचांतील एकीहून अधिक. त्याच सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. या दोन आकड्यांना एकत्र वाचावे. रक्त कमी असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचे बाळंतपण म्हणजे काय, हे गावातील प्रत्येक आशाताईला विचारले तरी कळेल.

अशा मुलीला आम्ही केवळ ‘तू नाही म्हण’ असे सांगितले, तर ते बोलणे पोकळ ठरेल. तिच्या नकाराच्या पाठीशी कायदा उभा आहे, हे तिला तारीखवार माहीत असावे लागते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमानुसार मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस पूर्ण हवे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकावर जबाबदारी असते. लग्न ठरल्याचे कळताच कोणीही तक्रार करू शकतो. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर मुलीने स्वतः फोन केला तरी चालतो. न्यायालयाने मनाई केली असताना लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. आणि लग्न होऊन गेलेले असेल, तरी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागता येते. ही शेवटची तरतूद फार थोड्या मुलींना ठाऊक असते. माजी विद्यार्थिनींनी ती आपापल्या वस्तीत आवर्जून सांगावी. कायद्याइतकेच दुसरे एक उत्तर महत्त्वाचे आहे, ते म्हणजे हंगामी वसतिगृह. ज्या मुलीला सहा महिने सुरक्षित राहायला जागा आणि जेवण मिळते, तिच्या लग्नाची घाई निम्मी तेथेच ओसरते. ज्या पालकांनी मुलीला आमच्याकडे ठेवून कोयता उचलला, त्यांच्याविषयी आम्हांला जो आदर वाटतो तो या स्मरणिकेत नोंदविणे अगत्याचे आहे.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खिडकीतून टाकतात, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. मळमळते, शौचाचा रंग काळा होतो, म्हणून भीती वाटते. गोळी जेवणानंतर घ्यावी, रंग बदलणे धोक्याचे नाही, एवढे आधी सांगितले तर बऱ्याच गोळ्या वाचतात. चहा गोळीबरोबर नको, लिंबू चालेल. पाळीविषयी, मनाच्या उदासीविषयी बोलण्यासाठी सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांचे ‘मैत्री’ समुपदेशन केंद्र आहे, आणि मनाच्या आरोग्यासाठी १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. कोणी अंगाला नकोसा स्पर्श केला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही संरक्षण दिले आहे. जबाब बालकाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतला जातो, पोलीस गणवेशात नसतात, नाव जाहीर करता येत नाही. मुलगे याविषयी मुलींपेक्षाही कमी बोलतात, असा आमचा अनुभव आहे.

पाण्याकडे पुन्हा येऊ, कारण महाडनंतरही पाणी सुटलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत आठवीच्या मुलांना आम्ही एक काम देतो : आपल्या वस्तीच्या टाकीत टीसीएल पावडर शेवटची कधी पडली, ते विचारून या. एका वर्षी एकाच गावच्या तिघा मुलांनी उत्तर आणले, की कोणालाच आठवत नाही. त्यांनी तेथेच दोन प्रतींत अर्ज लिहिला, एक प्रत कार्यालयात दिली, दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. पोच मागताच तेथील माणूस चिडला. मुलांची पोच कशाला, असे म्हणाला. मुले दुपारपर्यंत बाहेरच्या ओट्यावर बसून राहिली. शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच उठली. महिनाभर काही झाले नाही. मग त्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन त्यांनी वडिलांच्या सहीने दुसरा अर्ज टाकला, आणि त्या आठवड्यात टाकी धुतली गेली. शुद्धलेखनाच्या दृष्टीने तो अर्ज काही फार चांगला नव्हता. परंतु चिडलेल्या माणसासमोर आवाज न चढविता आणि जागाही न सोडता बसून राहणे त्यांना जमले होते.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये आला. त्यात ‘नागरिक’ असा शब्द आहे, वयाची अट नाही. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. त्याखाली दाखल्यांना ठरावीक मुदत आहे आणि मुदत टळली तर अपील आहे. हे दोन कायदे दहावीच्या मुलांना सवयीचे व्हावेत, असा आमचा प्रयत्न असतो, कारण दहावीनंतर त्यांची पहिली गाठ दाखल्यांशीच पडते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० मध्ये लागू झाल्या. परंतु जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात किंवा जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत सापडतो. तो शोधण्याचे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. नववीत असतानाच सुरू करावे. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून शिक्षण सोडण्याच्या बेतात असलेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिचा लाभ घेऊन पदवीपर्यंत गेलेले माजी विद्यार्थी या स्मरणिकेच्या वाचकांत असतील, त्यांनी धाकट्यांना अर्ज भरून दाखवावा.

मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. आता नावनोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे आज बारावीत बसलेली जवळजवळ सगळीच मुले अर्ज करू शकतात. नमुना ६ चे कोरे अर्ज शाळेच्या कार्यालयात ठेवले आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांनी अद्याप नाव नोंदविलेले नाही, त्यांनी स्नेहमेळाव्याला येताना एक छायाचित्र, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा सोबत आणावा. अर्ज भरून देण्यासाठी बारावीची मुले दाराशीच टेबल लावून बसणार आहेत.